ओलावा वजा जाता

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे शेवटची पंगत घरच्यांची असते. वाढणाऱ्या बायका तेव्हाच बसतात, उठायची घाई कोणाला नसते, आणि दिवसभर राखून ठेवलेले प्रश्न तिथेच निघतात. यंदा त्या पंगतीत माझी भाची होती. शहरातल्याच एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करते. सच्छिद्र कार्बनमध्ये धातू घालून त्यात हायड्रोजन साठवायचा, हा तिचा विषय. घरातल्या सगळ्यांना हे वाक्य आता पाठ आहे, अर्थ विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तर आंबिलीची वाटी बाजूला सरकवत आमच्या थोरल्या भाऊजींनी तिला विचारलं, "मंग, किती भरून राहिला गं तुझ्या त्या कोळशात हायड्रोजन?" तिनं पुरणपोळीवर तूप ओढून घेतलं आणि म्हणाली, "शंभर ग्रॅम कोळशात अर्धा ग्रॅम. धातू घातला की जरासा जास्त. एक ग्रॅम झाला तर मी पार्टी देईन." पंगत खळखळून हसली. "अर्ध्या ग्रॅमसाठी एवढी वर्षं? बाप्पा!" तीही हसली, आणि तिनं कढी मागितली.

हसणाऱ्यांचं काही चुकलं असं नाही. मलाच पुढे दोन-चार दिवस चैन पडेना, त्याचं कारण वेगळं होतं. तोच कोळसा द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत बुडवला की पाच टक्के हायड्रोजन धरतो, हे तिनंच मला मागे उत्साहानं सांगितलं होतं. पाच म्हणाली असती तर ते खोटं नव्हतं. भाऊजींनी मान डोलावली असती, माझ्या बहिणीचा चेहरा फुलला असता, आणि विषय तिथेच मानानं संपला असता.

ती पाच का नाही म्हणाली?

हायड्रोजनचं दुखणं तसं सरळ आहे. वजनाच्या हिशेबानं त्याच्याइतकं जोरकस इंधन नाही. एका किलोत १२० मेगाजूल, पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीनपट. पण तो एक किलो ठेवायचा कुठे? साध्या हवेच्या दाबाला त्याला अकरा-बारा घनमीटर जागा लागते. म्हणजे दहा बाय दहाची आपली झोपायची खोली जमिनीपासून छतापर्यंत भरली, तरी त्यात जेमतेम दोन किलो मावेल. म्हणून त्याला दाबतात. मार्च २०२२ मध्ये आमचे, म्हणजे नागपूरचे, खासदार नितीन गडकरी ज्या हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले, त्या टोयोटा मिराईच्या टाक्यांत ७०० बार दाब असतो. गाडीच्या चाकात असतो तो दोन-सव्वादोन. एवढा दाब पेलायला टाकीला कार्बन फायबरचे थरावर थर गुंडाळावे लागतात, आणि इतकं करून आत साडेपाच किलोच्या आसपास वायू. दुसरी वाट म्हणजे उणे २५३ अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करायचा. त्यात हायड्रोजनमधली जवळपास तीस टक्के ऊर्जा गार करण्यातच खर्ची पडते. दाबाच्या या भानगडीशी नागपूरचा संबंध जुना आहे, फक्त आपल्याला त्याची आठवण नसते. देशभरातल्या गॅस सिलिंडरांना आणि स्फोटकांना परवानगी देणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय इथेच, सेमिनरी हिल्सवर आहे. त्या रस्त्यानं मी कित्येकदा बालोद्यानात पोरांना घेऊन गेले असेन. आत कोणाच्या तरी टेबलावर साऱ्या देशाच्या दाबाचे कागद पडलेले असतात, हे कधी डोक्यात आलं नाही.

तिसरी वाट भाचीची. दाबायचं कमी, गोठवायचं कमी, आणि वायूला चिकटायला जागा द्यायची.

कोळसा आमच्या घराला नवा नाही. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, वीज केंद्राच्या कोळसा तपासणीत होते. घरी आले की मोरीत जाऊन आधी हात धुवायचे, लाल साबणाचा फेस राखाडी होऊन जायचा, तरी तळहाताच्या रेषांतला काळा कधी पूर्ण गेला नाही. त्यांचं काम ऐकायला कंटाळवाणं होतं. वाघिणीतून आलेल्या ढिगातून ठरलेल्या पद्धतीनं नमुना काढायचा, कुटायचा, चाळायचा, बशीत घेऊन वजन करायचं, १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचं आणि पुन्हा वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे ओलावा. पावसाळ्यात कोळसा ओला येतोच, त्यात कोणाचा दोष नसतो, पण पाणी जळत नाही. ते आकड्यातून वजा झालं नाही तर बॉयलरला कागदावरच्यापेक्षा कमी खायला मिळतं. जेवताना ते आम्हाला कोळशाच्या ढिगाची जात सांगायचे, आणि दर वेळी शेवटी जोडायचे, "ओलावा वजा जाता." आम्ही बहिणी त्यांची नक्कल करायचो. "बाबा, आजची भाजी कशी झाली?" "चांगली, ओलावा वजा जाता."

भाचीचा कोळसा दगडी नाही, नारळाच्या करवंटीचा. तोही नवा शोध नव्हे. थर्मासची बाटली ज्याच्या डोक्यातून निघाली आणि ज्यानं १८९८ साली पहिल्यांदा हायड्रोजनचा द्रव करून दाखवला, तो जेम्स ड्यूअर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करवंटीचा कोळसा थंडगार करून त्यात वायू शोषून घेत होता. भांड्यातली उरलीसुरली हवा काढून निर्वात पोकळी करायची त्याची ती युक्ती होती. करवंटीच का, तर तिचा कोळसा टणक असतो आणि त्याला बारीक छिद्रं भरपूर पडतात. एवढं ऐकल्यावर भाऊजींचा सल्ला तयारच होता, "नागपूरची पोरगी तू, संत्र्याच्या सालीचा कर की! पेपरात फोटो येईल." सालीचाही होतो म्हणे. नावापुरता उपयोग सोडला तर पुढचे प्रश्न तेच राहतात.

महालक्ष्म्यांनंतरच्या आठवड्यात मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू. कोळशाची भुकटी कॉस्टिक पोटॅशमध्ये कालवून ती एका लांब नळीच्या भट्टीत, नायट्रोजनच्या झोतात, सातशे-आठशे अंशांवर ठेवतात. पोटॅश कार्बनला आतून कुरतडतं. मग धूत बसायचं, धुणाचं पाणी ना आम्ल ना अल्कली असं येईपर्यंत. या धुण्यातच तिचे दिवसच्या दिवस जातात. वाळल्यावर जे उरतं ते काजळासारखं काळं, हातात घेतलं तर वजनच लागत नाही, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांच्या भिंती मिळून तीन हजार चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग असू शकतो. पाऊण एकर. चिमूटभर भुकटीत पाऊण एकर जमीन, सातबारा नसलेली. त्या भिंतींना हायड्रोजनचे रेणू येऊन टेकतात. ढोबळ नियम असा की उणे १९६ अंशांत दर पाचशे चौरस मीटरमागे एक टक्का हायड्रोजन. छिद्रही फार मोठं नको. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही अरुंद असेल, तर समोरासमोरच्या दोन्ही भिंती रेणूला आपल्याकडे ओढतात.

ड्यूअरच्याच नावाच्या भांड्यात तिनं माझ्यासमोर द्रव नायट्रोजन ओतला. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज, काठावरून उतरणारं पांढरं धुकं, आणि क्षणात भांड्याच्या तोंडाशी दहिवर. बाहेर सप्टेंबरचं उकडणारं ऊन होतं. पोलादाची बोटभर नळी, तिच्यात अर्धा-पाऊण ग्रॅम भुकटी, ती त्या भांड्यात उतरवली आणि झडप उघडली. स्क्रीनवरचा दाबाचा आकडा घसरू लागला. बस, एवढंच दिसतं. दाब जितका उतरला तितका वायू कोळशानं घेतला, असा हिशेब. मला वाटलं होतं काही चमकेल, फुगेल, रंग तरी बदलेल.

भांडं काढून नळी २५ अंशांच्या पाण्यात ठेवली की सगळं ओस पडतं. (खोलीचं तापमान म्हणजे २५ अंश, हे मे महिन्यातल्या नागपुरात कोणाला सांगून पाहा.) शंभर बार दाब देऊनही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कार्बनची ओढच मुळी लेची आहे, मोलमागे चार ते सहा किलोजूल, आणि उबेत रेणू इतके उड्या मारतात की ती ओढ त्यांना पुरत नाही. उलट टोकाला मॅग्नेशियम. ते हायड्रोजनला पोटात घेतं, वजनाच्या साडेसात टक्के, पण पंचाहत्तर किलोजूलची पकड. सोडवायला तीनशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या नऊशेपट हायड्रोजन पितं हे थॉमस ग्रॅहमनं १८६६ मध्येच पाहिलं होतं, पण ते इतकं जड की टक्केवारी एकाच्याही आत राहते, आणि भाव सोन्याच्या पंगतीतला. आजी गाठोडं बांधताना निरगाठ आणि सुरगाठ यांचा फरक शिकवायची: निरगाठ दातानं सोडवावी लागते, सुरगाठ घट्ट बसते आणि टोक ओढलं की सुटते. मॅग्नेशियमची निरगाठ आहे, कार्बनची गाठच बसत नाही, आणि गाडीला हवी आहे सुरगाठ. आकड्यात सांगायचं तर पंधरा-वीस किलोजूलची.

म्हणून धातू घालायचा. निकेल नायट्रेटचं हिरवंगार पाणी थेंबाथेंबानं काळ्या भुकटीत जिरवायचं, वाळवायचं, हायड्रोजनच्या झोतात तापवून निकेलचे अगदी बारीक कण छिद्रांच्या काठावर बसवायचे. पॅलेडियमचंही असंच, फक्त त्या बाटलीला कपाटात कुलूप असतं. यामागे दोन आशा आहेत. एक १९६४ सालची: पिवळ्या टंगस्टन ऑक्साइडमध्ये प्लॅटिनम मिसळून हायड्रोजन सोडला, तर साध्या तापमानाला ते निळं पडलं. धातूवर हायड्रोजनचा रेणू फुटला आणि सुटे अणू शेजारच्या ऑक्साइडवर चालत गेले. याला स्पिलओव्हर म्हणतात. मग असेच अणू निकेलवरून कार्बनवर का जाऊ नयेत? दुसरी १९८४ सालची: लॉस अलामॉसच्या ग्रेगरी कुबास यांनी दाखवलं की टंगस्टनच्या एका संयुगात हायड्रोजनचा रेणू न फुटता, नुसता जरा ताणला जाऊन, धातूला धरून राहतो. हीच ती सुरगाठ. तेव्हापासून कागदावर, म्हणजे संगणकावर, टायटॅनियमचा एकेक अणू कार्बनच्या नळीवर बसवून आठ टक्क्यांपर्यंतचे आकडे निघाले आहेत. प्रत्यक्षात टायटॅनियमचे अणू एकेकटे बसायला तयार नसतात, जवळ येतात आणि त्यांचा गोळा होतो. हवेचा वारा लागला की ऑक्साइड होतं. आणि धातूचं वजन धरावंच लागतं. दहा ग्रॅम निकेल घालून पाव ग्रॅम हायड्रोजन वाढला तर त्याला फायदा म्हणायचं का, यावर भाची बराच वेळ बोलू शकते. छिद्रांची तोंडं त्या कणांनी बुजली तर उणे १९६ ला पाचाचे चारही होतात.

या क्षेत्रात मोठे आकडे येऊन गेले आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. १९९७ मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या पाच ते दहा टक्के हायड्रोजन धरतात असा निबंध आला. पुढच्याच वर्षी बोस्टनहून ग्राफाइटच्या तंतूंबद्दल साठ टक्क्यांहून वरचा दावा आला. भाचीनं हे सांगताना माझ्यासमोर कागद ओढला आणि मिथेनचं सूत्र लिहिलं. एका कार्बनला चार हायड्रोजन. एका कार्बन अणूनं चार बंधनांच्या चारही जागा हायड्रोजनला देऊन टाकल्या, तरी वजनात हायड्रोजन पंचवीस टक्केच होतो. मग नुसत्या टेकण्यानं साठ कसा होईल? हा हिशेब अकरावीच्या पोराला येतो. पण त्या काळात जगभरच्या प्रयोगशाळा त्या तंतूंमागे धावल्या, आणि तो आकडा पुन्हा कोणाला मिळाला नाही. १९९९ मध्ये सिंगापूरहून लिथियम आणि पोटॅशियम घातलेल्या नळ्यांचा निबंध आला. हा तर थेट हिच्याच विषयाचा आजोबा. लिथियमचा आकडा वीस टक्के, पोटॅशियमचा चौदा. वर्षभरात दुसऱ्या एकानं कोरडाठाक हायड्रोजन घेऊन तोच प्रयोग केला आणि आकडे कोसळले. वायूत पाण्याचा अंश होता. लिथियम-पोटॅशियम पाण्याचे हपापलेले. त्यांनी ते ओढून घेतलं, काटा खाली गेला, आणि वाढलेलं वजन हायड्रोजनच्या नावावर जमा झालं.

मी हसायलाच लागले. तिला कळेना काय झालं. तिचे आजोबा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, तिला त्यांचा कोळसा माहीत नाही.

मग मी तिला बशी, ओव्हन, दोन वजनं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आम्ही पण तेच करतो मावशी, फक्त रात्रभर. दोनशे अंशांवर, निर्वात करून." नंतर तिनं मला जे दाखवलं ते मला सगळ्यांत जास्त पटलं. तिच्या यंत्रात जवळजवळ प्रत्येक चूक तिच्याच बाजूनं कौल देते. झडपेतून वायू थोडासा गळला? दाब उतरतो, वाटतं कोळशानं घेतला. एसीनं खोली गार केली? दाब उतरतो; शंभर बारला एका अंशानं एक तृतीयांश बार, आणि तिचं मोजायचं सगळं सोनं तेवढ्यातच असतं. धातूवर ऑक्साइड राहिलं? हायड्रोजन त्याच्याशी जुळून पाणी होतो, दाब उतरतो. निष्काळजी माणसाला इथे नेहमी मोठा आकडा मिळतो. जितकी जास्त काळजी घ्यावी तितकं आपलंच यश झिजत जातं. असं काम करायला कोणत्या जातीचा स्वभाव लागतो, मला सांगता येणार नाही. माझा नाही. मी सोसायटीच्या जमाखर्चात दोनशे रुपये जुळले नाहीत तर किरकोळ खर्चात टाकून मोकळी होते.

शेवटी विचारलंच. पाच का नाही म्हणालीस? तिला तो प्रसंग आठवायलाही वेळ लागला. "काकांच्या डोळ्यांपुढे गाडी होती ना. ते विचारत होते, गाडीत किती भरेल. गाडीत नायट्रोजनची विहीर घेऊन कोण फिरणार?" माझं समाधान झालं नाही. दोन्ही आकडे सांगायचे, म्हटलं, त्यात काय बिघडतं? "दोन सांगितले की लोक मोठा नेतात," ती म्हणाली, आणि धुतलेल्या भुकटीचं पाणी पुन्हा तपासायला वळली.

हे मी कौतुकानं लिहितेय, पण कौतुक निर्भेळ नाही. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन तयार करायचा बेत आहे. तो सगळा ठेवायचा कुठे हा प्रश्न तिच्या बाजूचा आहे, नोकऱ्याही निघतील. मुलाखतीला तिच्या शेजारी जो बसेल तो पाच म्हणेल, कदाचित सहाही. तिथे ही पोरगी अर्धा म्हणून आली तर? मावशी म्हणून मला वाटतं, तिथे तरी तिनं नायट्रोजनचं भांडं आधी पुढे करावं. बहिणीला हे बोलले तर ती म्हणाली, "बाबांवर गेलीय, तिला कोण समजावणार." त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, मला ओळखू आलं नाही. शिवाय त्या अर्ध्या टक्क्याचं पुढे काय होणार हेही आहेच. गाडीच्या बाबतीत मला व्यक्तिशः फारशी आशा वाटत नाही. टाकी जागेवरून हलणार नसेल, वजनाची फिकीर नसेल, आणि गारवा शेजारीच फुकट असेल, अशा ठिकाणी कोळसा दाबाचा बोजा हलका करू शकेल. भाचीला हे मत सांगितलं तर तिनं "होऊ शकतं" एवढंच म्हटलं. तिच्या तोंडी हे दोन शब्द म्हणजे बरंच झालं.

परवा तिचा मेसेज आला. निबंध तपासणाऱ्यानं परत पाठवलाय. निकेल घातल्यावर आकडा शून्य पूर्णांक तीननं वाढतो हे तिचं म्हणणं त्याला मान्य आहे, पण रिकाम्या नळीची मोजणी जोडा, म्हणतो, प्रत्येक दाबाला, हेलियमनं आणि हायड्रोजननंही. मी फोन केला, म्हटलं म्हणजे नेमकं काय करायचं? "नळीत काहीच नाही घालायचं आणि किती मावतं ते मोजायचं." आणि उत्तर काय यायला हवं? "शून्य. नाही आलं तर आधीचं सगळं परत." द्रव नायट्रोजनची गाडी गुरुवारी येते, तोवर ती झडपा उघडून साफ करतेय. भाऊजींना यातलं काही सांगू नको म्हणाली.